मत्स्यालय : पाणी सांभाळण्याची विद्या

मत्स्यालय पाहून आलेल्या माणसाला 'काय काय पाहिलेत?' असे विचारले, तर तो माशांची नावे सांगतो, रंग सांगतो, एखाद्या कासवाचे वर्णन हातवारे करून करतो. 'पाणी पाहिले' असे मात्र कोणी सांगत नाही. वास्तविक मत्स्यालयात समजून घेण्याजोगी मुख्य गोष्ट पाणी हीच होय. मासे निसर्गाने घडवलेले असतात. मत्स्यालय चालवणाऱ्याला घडवावे लागते ते पाणी, आणि ते रोज नव्याने घडवावे लागते. ही गोष्ट माझ्या ध्यानात आली ती एका कौटुंबिक सहलीच्या निमित्ताने. त्या सहलीत मुलांनी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे शोधता शोधता जे हाती लागले, ते विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२०१६ सालच्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहकुटुंब दादांकडे दुधनीस गेलो होतो. दुधनी म्हटल्याबरोबर आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढे अक्कलकोट तालुक्यातील, कन्नड-मराठी दोन्ही बोलणारे बाजारपेठेचे दुधनी येईल. ते हे नव्हे. दादा जेथे शिक्षक आहेत ते दुधनी दादरा-नगर हवेलीतले. सिल्वासाहून खानवेलमार्गे चाळीसेक किलोमीटर आत गेले की डोंगरांच्या कुशीत हे गाव लागते. हा मुलूख १९५४ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. २०२० सालापासून दमण-दीवसह त्याचा एक केंद्रशासित प्रदेश झाला आहे. वस्ती बहुतांशी वारली, कोकणा या आदिवासींची. गावासमोर पाण्याचा प्रचंड विस्तार पसरलेला आहे. दमणगंगा नदी नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावते आणि दमणजवळ अरबी समुद्रास मिळते. तिच्यावर मधुबन येथे धरण बांधल्यामुळे मागे जो जलाशय साचला, त्याच्या काठी दुधनी वसले आहे. काश्मिरी शिकाऱ्यांसारख्या सजवलेल्या नावा तेथे पर्यटकांना फिरवून आणतात.

दादांचा अकरा वर्षांचा मुलगा या पाण्याकाठी वाढलेला. कोणता मासा कोणत्या गळाला लागतो हे त्याला तोंडपाठ. पण समुद्र त्याने नीटसा पाहिलेला नव्हता. माझी मुलगी नऊ वर्षांची. तिला पाणी म्हणजे नळाचे, तेही दिवसाआड येणारे, एवढेच ठाऊक. या दोघांना समुद्र दाखवावा असे ठरले. वहिनींचे माहेर सातपाटीचे आणि त्यांची बहीण बोरिवलीस राहते. तेव्हा दादा, वहिनी, आई, सौ., दोन मुले आणि मी अशी सात माणसे वापीहून गाडीने बोरिवलीस जाऊन थडकलो. पहिला दिवस गोराईच्या करमणूक उद्यानाचा आणि दुसरा तारापोरवाला मत्स्यालयाचा, असा बेत आखला.

गोराईचे एस्सेलवर्ल्ड हे उद्यान १९८९ साली सुरू झाले होते. खाडी ओलांडून बोटीने तेथे जावे लागे, म्हणजे करमणूक बोटीपासूनच सुरू होई. तेथील पाळणे, चक्रे आणि उलटेसुलटे धावणाऱ्या गाड्या यांचे वर्णन करीत बसत नाही. ज्यांना जिवाची धडधड अनुभवायची असेल त्यांनी जत्रेतल्या मोठ्या पाळण्यातही ती अनुभवली असेल. पण त्यामागचे तत्त्व एका वाक्यात सांगण्याजोगे आहे. चढउतारांच्या रुळांवरून धावणाऱ्या त्या गाडीला सहसा स्वतःचे इंजिन नसते. साखळीने तिला एकदा उंचावर ओढून नेतात आणि सोडून देतात. पुढचा सारा प्रवास त्या एका चढणीच्या पुंजीवर होतो. दहा मीटर उंचीवरून सुटलेली गाडी तळाशी ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने पोहोचते, आणि घर्षणात काही पुंजी खर्च होत असल्याने पुढची टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणीच ठेवावी लागते. पोटात गोळा येतो तो गाडी खाली झेपावताना शरीराचे वजन क्षणभर हरपल्यासारखे होते म्हणून. भीती खरी, धोका मात्र मोजूनमापून दूर ठेवलेला, अशी ही करामत आहे.

आईने या सर्व प्रकारांकडे एका बाकावर बसून पाहिले आणि 'पैसे देऊन ओरडायला कशाला जायचं?' असा सवाल केला. तिचा सवाल मी त्या वेळी हसण्यावारी नेला, पण दुसऱ्या दिवशी मत्स्यालयात तो मला वेगळ्या अर्थाने आठवला. पाळण्यातल्या माणसाला त्रास झाला तर तो ओरडतो. चालक यंत्र थांबवतो. काचेच्या पलीकडील जिवाला ओरडता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी पाण्याची परीक्षा करीत राहावे लागते.

तारापोरवाला मत्स्यालय मरीन ड्राइव्हवर, चर्नी रोड स्टेशनला लागून. १९५१ साली ते उभे राहिले. त्या काळी सुमारे आठ लाख रुपये खर्च आला होता. त्यांपैकी दोन लाख रुपयांची देणगी डी. बी. तारापोरवाला या पारशी दानशूर गृहस्थांची, म्हणून त्यांचे नाव. उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. व्यवस्था राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. आमच्या भेटीआधी वर्षभर, म्हणजे २०१५ साली, नूतनीकरण होऊन ते पुन्हा खुले झाले होते आणि बारा फूट लांबीचा, डोक्यावरून कमानीसारखा वळणारा पारदर्शक बोगदा त्यात आला होता. सुटीचे दिवस असल्याने गर्दी पुष्कळ होती. मुले काचेला नाक लावून उभी; त्यांच्या मागे आयाबाया; सर्वांत मागे आमच्यासारखे चष्मा पुसणारे.

वहिनींना मात्र पाट्या वाचण्याची गरज पडली नाही. पाकट, मुशी, वाम, हेकरू अशी नावे त्या घडाघडा सांगत होत्या आणि प्रत्येकाचे कालवण कसे करतात तेही. 'पापलेट कुठं दिसत नाही गं?' असे त्यांनीच सौ.ला विचारले. प्रश्न मार्मिक होता. पापलेट फार नाजूक; जाळ्यातून काढताच चटकन दगावतो, म्हणून तो ताटात दिसतो पण मत्स्यालयात सहसा दिसत नाही. याच माशाला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला.

पुतण्याचा प्रश्न याहून मूलगामी होता. गोड्या पाण्यातले मासे एका बाजूला, खाऱ्या पाण्यातले दुसऱ्या बाजूला, हे पाहून त्याने विचारले, "काका, आमच्या दुधनीचा रोहू या समुद्राच्या टाकीत सोडला तर? पाणी ते पाणीच ना?"

पाणी ते पाणीच नव्हे, हे समजावून देण्यासाठी मला स्वयंपाकघरात जावे लागले. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की पाणी सुटते. उलट वाळलेले मनुके साध्या पाण्यात टाकले की टरारून फुगतात. पाणी पातळ पडद्यातून कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाऊ पाहते. यालाच आपण परासरण म्हणतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक काटेरी हाडांच्या माशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक-तृतीयांश. गोड्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणजे समुद्रातला मासा हा मीठ लावलेल्या कैरीसारखा. त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. तो समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो आणि मूत्र अगदी थोडे सोडतो. गोड्या पाण्यातला मासा मनुक्यासारखा; पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरत राहते. तो पाणी जवळजवळ पीत नाही आणि पातळ मूत्र सारखे सोडीत राहतो. दोघांची शरीरे परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. दुधनीचा रोहू समुद्राच्या टाकीत टाकला तर त्याची अवस्था लोणच्यासारखी होईल.

"मग समुद्रातून नदीत कुणीच येत नाही?" हा लगेच आलेला प्रश्न. येतात, पण थोडे. आपल्या नद्यांतला अहीर नावाचा सापासारखा लांब मासा नदीत वाढतो आणि अंडी घालण्यासाठी समुद्रात जातो. त्याचे कल्ले आणि मूत्रपिंडे दोन्हीकडच्या पाण्याशी जुळवून घेतात. पण अशा प्रवाशाच्या वाटेत धरणाची भिंत आली तर कल्ल्यांच्या कौशल्याचा काही उपयोग होत नाही. पुतण्या यावर बराच वेळ गप्प होता. त्याच्या घरासमोरचे पाणी हे एका भिंतीने अडवलेले पाणी आहे, हे त्याला ठाऊक होते. त्या भिंतीचा समुद्राशी काही संबंध असेल, हे नवीन होते.

आता पाण्याच्या दुसऱ्या कामाकडे वळू. एक लिटर हवेत सुमारे पावणेतीनशे मिलिग्रॅम प्राणवायू असतो. एक लिटर गोड्या पाण्यात, आपल्याकडील हवामानात, जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम विरघळतो. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. पाणी तापले की तो आणखी घटतो. एवढ्याशा शिधेवर माशाला जगायचे असते. म्हणून टाकीत हवेचे बुडबुडे सोडतात. बुडबुड्यांतून प्राणवायू विरघळतो हे खरे, पण त्यांचे अधिक महत्त्वाचे काम पाणी ढवळण्याचे. तळचे पाणी वर येऊन हवेच्या संपर्कात येते आणि तेथे श्वास घेते.

तिसरे काम सर्वांत अवघड आणि सर्वांत अदृश्य. मासा खातो, आणि त्याच्या शरीरातील टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात उतरते. उरलेले अन्न कुजले की त्यातूनही अमोनियाच निघतो. समुद्रात हे सर्व विरून जाते. टाकीत जाणार कोठे? अमोनिया अत्यल्प प्रमाणातही माशाला विषारी. येथे मदतीला येतात ते सूक्ष्म जिवाणू. एका जातीचे जिवाणू अमोनियापासून नायट्राइट तयार करतात, तेही विषारीच. दुसऱ्या जातीचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य. हे जिवाणू वाळूवर, खड्यांवर, गाळणीच्या स्पंजावर वस्ती करतात. म्हणजे मत्स्यालयात आपण पैसे देऊन जे पाहतो ते मासे, आणि ज्यांच्या जिवावर ते मासे जगतात ती वस्ती भिंतीमागच्या गाळण टाकीत, अंधारात असते. समुद्राकाठच्या मत्स्यालयांना आणखी एक व्याप असतो. किनाऱ्याचे पाणी जवळ असले तरी ते गढूळ असते, आणि पावसाळ्यात त्यातला खारेपणाही कमी होतो. ते आधी संथ ठेवून गाळ बसू द्यावा लागतो, वाळूतून गाळावे लागते, क्षार मोजावे लागतात, मगच ते टाकीत जाते.

काचेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण माझ्या मुलीने बोगद्यात शिरताना माझा हात घट्ट धरून 'बाबा, ही फुटली तर?' असे विचारले होते. पाण्याचा दाब टाकीच्या लांबीवर अवलंबून नसतो, खोलीवर असतो. एक मीटर खोलीला दर चौरस मीटरवर एक टन भार पडतो. म्हणून टाकी कितीही लांब असली तरी चालते, पण खोली वाढली की भिंत जाड करावीच लागते. मोठ्या टाक्यांना हल्ली काच नसतेच. अॅक्रिलिक नावाचे पारदर्शक प्लास्टिक असते. ते काचेहून हलके, तडकण्यास कमी प्रवण, गरम करून वाकवता येणारे. त्यामुळेच न्यूझीलंडमध्ये ऑकलंड येथे १९८५ साली केली टार्लटन यांनी वळणदार बोगद्याचे मत्स्यालय उभारले आणि पुढे जगभर तशी मत्स्यालये झाली. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो. त्यामुळे सपाट काचेसमोरून पाहता मासा आहे त्याच्या पाऊण अंतरावर भासतो आणि साहजिकच मोठा दिसतो. घरी येऊन 'एवढा मोठा!' म्हणून हात पसरणाऱ्यांचा यात फारसा दोष नसतो.

काचेवर टकटक करू नये अशी पाटी सर्वत्र असते. तिचे कारण मात्र लिहिलेले नसते. ध्वनी पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो. माशाच्या दोन्ही अंगांवर डोक्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते, त्या पार्श्वरेखेने त्याला पाण्यातली बारीकशी हालचालही कळते. आपली टिचकी त्याला दारावर धक्के मारल्यासारखी वाटत असली पाहिजे. शिवाय बहुतेक माशांना पापण्या नाहीत. डोळ्यांवर चमकलेला दिवा त्याला मिटून टाळता येत नाही.

ही सर्व विद्या फार जुनी नाही. फ्रेंच संशोधिका झान विलप्रो-पॉवर यांनी १८३२ च्या सुमारास सिसिलीत सागरी जीव अभ्यासण्यासाठी काचेच्या टाक्या वापरल्या. इंग्लंडमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनज्ञाने १८५० साली दाखवून दिले की मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचा मेळ नीट बसवला तर पाणी दीर्घकाळ टिकते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. भारतात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १९०९ साली मत्स्यालय सुरू झाले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते बंद पडले. म्हणजे ही कला रसायनशास्त्राच्या पाठीवर बसून आली. पाण्यात काय विरघळले आहे हे मोजता येऊ लागले, तेव्हाच मासे काचेमागे जगू लागले.

सहलीचा खरा कसोटीचा प्रसंग मत्स्यालयाबाहेर आला. संध्याकाळी बोरिवलीस परतताना एका दुकानात काचेच्या गोल भांड्यांत सोनेरी मासे मांडलेले दिसले आणि पुतण्याचे पाय तेथेच थांबले. त्याला एक मासा आणि एक भांडे हवे होते. दादा म्हणाले, "घेऊन टाकू रे, पोराचं मन कशाला मोडायचं?" मी त्यांना थांबवले. फुटपाथच्या कडेला उभे राहून पुतण्याला हिशेब करायला लावला. भांडे पाच लिटरचे. लिटरला आठ मिलिग्रॅम धरले तरी प्राणवायू सगळा मिळून चाळीस मिलिग्रॅम. भांड्याचे तोंड निमुळते, म्हणजे हवेशी गाठ पडण्याची जागा लहान. जिवाणूंची वस्ती शून्य, कारण भांडे नवे. ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच अमोनियात पोहणार. सोनेरी मासा नीट ठेवला तर वीतभर वाढतो आणि दहा वर्षांहून अधिक जगतो. भांड्यात तो कित्येकदा महिनाभरही जगत नाही, आणि आपण 'ते मासे टिकतच नाहीत' म्हणून दुसरा आणतो.

पुतण्याने हिशेब बरोबर केला, पण वापी येईपर्यंत माझ्याशी तो बोलला नाही. वहिनींनीही 'भाऊजी, मूल आहे ते' असे दोनदा म्हटले. मी दादांना एवढेच सुचवले की मासा आणू नका, टाकी आणा. रुंद तोंडाची, पन्नास-साठ लिटरची. पाणी भरा, तळाला खडे घाला, थोडी पाणवनस्पती लावा, हवेचा पंप चालू ठेवा, आणि रोज चिमूटभर खाद्य टाकीत जा, म्हणजे जिवाणूंना अन्न मिळेल. नळाच्या पाण्यात क्लोरिन असेल तर ते उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरा. दीड महिन्याने मासे आणा, तेही दोनच. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाणे द्या. दर आठवड्याला चौथाई पाणी बदला. सगळे कधीच बदलू नका, कारण त्याने जिवाणूंची वस्ती विस्कटते.

संक्रांतीला दादांचा फोन आला. रिकाम्या पाण्याच्या टाकीला खाणे घालणारा मुलगा म्हणून शाळेत त्याची चेष्टा झाली होती, पण दोन मासे आणून आठवडा झाला होता आणि पाणी स्वच्छ होते. त्याने वही घातली होती. तारीख, पाण्याची उष्णता, किती पाणी बदलले, मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात का, एवढे तो रोज लिहीत असे. ते मासे पाच वर्षे जगले. २०२१ साली तो पुढील शिक्षणासाठी सिल्वासास निघाला, तेव्हा मात्र नवा प्रश्न उभा राहिला. दादांना वाटले, समोर एवढे मोठे पाणी आहे, द्यावे सोडून; माशांनाही सुटका आणि आपल्यालाही.

हा विचार दयेतून येतो, म्हणून तो अधिक जपून तपासला पाहिजे. त्याचे उदाहरण आपल्या सोलापूर जिल्ह्यातच आहे. उजनीच्या जलाशयात चिलापी किती सापडतो हे भिगवणकडे गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा तिलापिया मूळचा आफ्रिकेचा. भारतात तो १९५२ साली आणला गेला. त्याच जलाशयात सकर नावाचा खरबरीत कवचाचा मासाही आढळू लागला आहे. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. टाकीतले शेवाळ खातो म्हणून हौशी लोक आणतात आणि मोठा झाला की जवळच्या पाण्यात सोडतात. तो खायला कोणी घेत नाही आणि कोळ्यांची जाळी मात्र फाडतो. आफ्रिकी मांगूर तर आपल्या माशांनाच खातो. सोनेरी मासाही मोठ्या तळ्यात सोडला की तळ उकरून पाणी गढूळ करतो. परदेशांत काही तळ्यांना त्याने उपद्रव दिला आहे. अर्थात आपले रोहू-कटलाही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. जलाशयांत त्यांचे बीज सोडले जाते. पण ते जाणूनबुजून, हिशेब ठेवून केलेले काम आहे. कोणाच्या तरी घरातली अडगळ तलावात रिकामी करणे हे त्या जातीचे काम नव्हे.

आणि एका नदीला किती सोसायला लावायचे? दमणगंगेच्या वरच्या अंगाला धरणाची भिंत. खालच्या अंगाला वापी; ते औद्योगिक क्षेत्र केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत वरच्या क्रमांकावर धरले होते. त्याखाली दमणचा समुद्र. दुधनीचे पाणी, वापीचे पाणी आणि मुंबईच्या टाकीतले पाणी शेवटी एकाच हिशेबाला बांधलेले आहे : त्यात काय उतरते आणि ते कोण निस्तरते. टाकीत हा हिशेब आठवड्यात चुकता होतो, म्हणून डोळ्यांना दिसतो. नदीत तो चुकता व्हायला वर्षे लागतात, म्हणून दिसत नाही. पुतण्याने स्वतःच दादांना हे समजावले, आणि मासे टाकीसकट शाळेला देऊन टाकले. वहीही त्याने सोबत दिली.

आम्ही पाहिलेले तारापोरवाला मत्स्यालय २०२० साली करोनाच्या साथीत बंद झाले. गोराईचे ते उद्यानही २०२२ साली बंद पडले. पण ज्यांना पाहायचे असेल त्यांना रत्नागिरीस झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. तेथे देवमाशाचा सांगाडाही आहे. आपल्या जीवशास्त्र विभागातील टाकीही या कामी अगदीच टाकाऊ नाही.

जाल तेव्हा एक करून पाहा. एका टाकीसमोर पाच मिनिटे उभे राहा. मासा मिनिटाला किती वेळा कल्ले उघडतो ते मोजा. तो तळाशी आहे, मध्यावर आहे की पृष्ठभागाशी धापा टाकतो आहे ते पाहा. पर पसरलेले आहेत की अंगाशी चिकटलेले, पाण्याला पिवळट झाक आहे का, बुडबुडे कोठून येतात आणि पाणी कोठून बाहेर जाते, याचा माग काढा. जमल्यास तेथील कर्मचाऱ्याला विचारा की आज सकाळी पाणी कोणी तपासले. कन्नड विभागातील आमच्या मित्रांच्या भाषेत माशाला 'मीनु' म्हणतात, आपण संस्कृतातून 'मीन' म्हणतो. नाव कोणत्याही भाषेत घेतले तरी त्याला उत्तर देता येत नाही. त्याचे जे म्हणणे असेल ते पाण्यात उतरलेले असते, आणि ते वाचणारा माणूस रोज सकाळी टाकीपाशी यावा लागतो.